पायऱ्यांवर बसलेली मुलं

खाली हजेरी चालू होती आणि वर्गात कोणीच नव्हतं.

एक बाई एकेक नाव घेत होत्या. नाव घ्यायच्या, थांबायच्या. कुणी ‘हजर’ म्हणायचं नाही. बराच वेळ गेला की त्या पुढचं नाव घ्यायच्या, पुन्हा तीच शांतता. समोर अर्धवर्तुळात मांडलेली, चकाकणारी शंभर टेबलं, आणि त्यांच्यामागे माणसं इनमिन तीन. मी वर प्रेक्षक सज्जात बसले होते. फोन, पर्स सगळं बाहेर ठेवून घेतलेलं. कठड्यावर वाकायचं नाही, बोलायचं नाही. शेजारी मुलगी होती, पण अमेरिकेत १८ वर्षं राहूनही ती इथे पहिल्यांदाच आली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं खांदे उडवले. अमेरिकेची सिनेट ती हीच का, असा प्रश्न मला पडला.

मी वर्ध्याला हायस्कुलात ३४ वर्षं नागरिकशास्त्र आणि इतिहास शिकवला. प्रत्येक राज्याचे दोन सिनेटर, एकूण शंभर, मुदत सहा वर्षांची, हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण पुस्तकातलं सभागृह आणि डोळ्यांसमोरचं सभागृह यांचा मेळ काही केल्या बसेना. ती हजेरी म्हणजे गणपूर्तीची मोजणी असते, आणि बहुतेक वेळा ती कुणाला मोजण्यासाठी नसतेच, दोन कामांच्या मधला वेळ काढण्यासाठी असते, हे मला दोन दिवसांनी कळलं. त्या क्षणी मला काहीच कळत नव्हतं. काही कळेनासं झालं की शिक्षकाची नजर आपोआप मुलांकडे जाते. माझीही गेली. कारण खाली मुलं होती.

पीठासीन अधिकाऱ्याच्या उंच आसनाखाली ज्या पायऱ्या आहेत, त्यांवर दोन्ही बाजूंना ती बसली होती. गडद निळे सूट, पांढरे शर्ट, छातीवर नावाची पट्टी. ओठावर नुकती लव आलेला एक मुलगा, केस घट्ट मागे बांधलेली एक मुलगी. माझ्या अकरावीच्या वर्गातून उचलून आणून बसवावीत अशी. सभापतींच्या पायाशी ही मुलं काय करताहेत? कुणाची नातवंडं आहेत का? शाळेची सहल असावी, तर एवढ्या जवळ कसं बसू दिलं?

इतक्यात मागच्या दारातून एक सिनेटर आत आले. ते आपल्या टेबलाशी पोचण्याआधीच दोन मुलं उठली होती. एकानं लाकडी उभा स्टँड उचलून आणला, टेबलावर नेमका ठेवला आणि मागे सरला. दुसरी पाण्याचा ग्लास घेऊन आली. कुणी हाक मारली नव्हती, चुटकी वाजवली नव्हती. सिनेटर बोलू लागले आणि मुलं पुन्हा पायऱ्यांवर जाऊन बसली. भाषण पीकविम्याबद्दल होतं. वर्ध्याच्या माणसाला तेवढे दोन शब्द कुठल्याही भाषेत कळतात. ते वीसेक मिनिटं बोलले. ऐकायला दुसरे सिनेटर जवळजवळ नव्हतेच. कॅमेरे होते, टिपण घेणारे होते आणि ही मुलं होती. त्या केस बांधलेल्या मुलीनं मान वळवली होती आणि ती लक्ष देऊन ऐकत होती. ऐकल्याचा आव आणणारं मूल मला पन्नास फुटांवरून ओळखता येतं. ती खरंच ऐकत होती.

मग कुठेतरी घंटा झाल्या आणि बघता बघता सभागृह भरलं. मतदान होतं. नाव पुकारलं की कुणी अंगठा वर करायचे, कुणी खाली, कुणी टेबलापाशी जाऊन हळूच सांगायचे. खांद्यावर हात, हसणं, कुजबुज. आपल्या एसटी स्टँडवर गाडी लागल्यावर होते तशी गर्दी. त्या गर्दीत निळे सूट दिसेनासे झाले. नीट पाहिलं तेव्हा कळलं, ती मुलं दारांशी उभी होती, कागद पोचवत होती, कडेकडेनं चालत होती. मतदान संपलं, माणसं ओसरली. रिकामे ग्लास उचलायला पुन्हा तीच आली.

बाहेर पडल्यावर मी मुलीला गणवेशातल्या रखवालदाराला विचारायला लावलं. तो म्हणाला, ते पेज आहेत. मराठीत पेज म्हणजे तांदळाची, आजाऱ्याला द्यायची. आणि इंग्रजीतलं मला माहीत असलेलं पान पुस्तकाचं. हा तिसरा अर्थ मला ठाऊक नव्हता. जुन्या काळी सरदारांच्या पदरी जी कोवळी मुलं सेवेला असत, त्यांना हा शब्द होता. तोच इथे टिकून आहे.

पुढच्या रविवारी मुलीनं तिच्या महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणीला जेवायला बोलावलं. त्यांची मुलगी काही वर्षांपूर्वी सिनेटमध्ये पेज होती, आता कॉलेजात आहे. मी पुरणपोळ्या केल्या आणि तिला समोर बसवून घेतलं. तिचं मराठी अडखळत होतं, पण ‘आजी’ अगदी नीट म्हणायची. मी विचारत गेले, ती सांगत गेली.

सिनेटमध्ये अशी ३० मुलं असतात. वय १६ किंवा १७, शाळेची अकरावी. शाळेत बऱ्यापैकी गुण हवेत, आपल्या राज्याच्या सिनेटरच्या कार्यालयात अर्ज करावा लागतो, निबंध लिहावे लागतात. सिनेटरनं नाव सुचवलं तरच निवड होते. बहुमतवाल्या पक्षाकडून काही, अल्पमतवाल्या पक्षाकडून काही. पायऱ्यांवर दोन बाजूंना का बसली होती, ते तेव्हा उमगलं. एक तुकडी सप्टेंबर ते जानेवारी, दुसरी त्यानंतर जूनपर्यंत, आणि उन्हाळ्यात आणखी लहान तुकड्या. पगार मिळतो, त्यातूनच राहण्याजेवणाचे पैसे कापले जातात. राहायचं कॅपिटॉल या संसदभवनापासून काही पावलांवरच्या वेबस्टर हॉलमध्ये. ही इमारत पूर्वी अंत्यविधीची तयारी करणाऱ्यांची होती. १९९५ पासून तिथे ही मुलं राहतात. मुलींचा मजला वेगळा, मुलांचा वेगळा, आणि तळघरात शाळा.

“शाळा किती वाजता?” मी विचारलं.

“सव्वासहा.”

“संध्याकाळी?”

“नाही आजी, सकाळी.”

मी पोळी तव्यावरच विसरले. पहाटे पाचला उठायचं, सव्वासहाला वर्गात. गणित, विज्ञान, इंग्रजी, समाजशास्त्र, सगळं. सिनेट भरायच्या तासभर आधी शाळा सुटते, की सूट चढवून सभागृहात. प्रत्येक टेबलावर त्या दिवसाची कार्यसूची, विधेयकांच्या प्रती, कालच्या कामकाजाचं छापील इतिवृत्त मांडायचं. मग दिवसभर पायऱ्यांवर. सिनेट संध्याकाळी उठली तर संध्याकाळी सुट्टी. रात्री अकराला उठली तर अकराला. मग खोलीवर जाऊन गृहपाठ. दहावी-बारावीच्या मुलांची झोप मोडू नये म्हणून पालकसभेत मी किती बोलले आहे! इथे मुलं ती झोप स्वतः होऊन देतात.

पहिल्या आठवड्यात तिला काय पाठ करावं लागलं, तर शंभर चेहरे आणि शंभर टेबलं. कोण कुठे बसतं, कोणाला पाणी गार लागतं, कोणाला साधं, कोणाला बुडबुड्यांचं. सभागृहात पाणी चालतं आणि दूध चालतं, चहा-कॉफी नाही. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांवरच्या महाभियोगाची सुनावणी तासन् तास चालली, तेव्हा काही सिनेटरांनी खरोखरच दूध मागवलं आणि पेज मुलांनी ते नेऊन दिलं. पहिल्याच दिवशी तिनं स्टँड चुकून शेजारच्या टेबलावर ठेवला होता. तिला अजून ते आठवून कसंतरी होतं. “कोणी रागावलं का?” म्हटलं. “नाही. त्यांनी स्वतः उचलून घेतला आणि थँक यू म्हणाले. मी रात्री पुन्हा सगळी टेबलं पाठ केली.”

मग मी तिला तो प्रश्न विचारला, जो माझ्या मनात सज्जापासून होता: एवढी हुशार मुलं, आणि पाणी द्यायचं, कागद न्यायचे, हे काम हलकं नाही वाटत? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आजी, त्या खोलीत सगळे बोलायला येतात. पूर्ण वेळ ऐकायला फक्त आम्हीच असतो.”

दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन मी तिथल्या वाचनालयात गेले आणि मिळेल ते वाचून काढलं. पहिला पेज १८२९ मध्ये नेमला गेला. ग्रॅफ्टन हॅन्सन त्याचं नाव, वय ९ वर्षं, आणि त्याच्यासाठी शब्द टाकला तो डॅनिअल वेबस्टर या गाजलेल्या सिनेटरनं. वसतिगृहाला त्याचंच नाव आहे. दोन वर्षांनी आयझॅक बॅसेट आला, १२ वर्षांचा. त्या काळी ही मुलं दौतीत शाई भरायची, दिवे लावायची, शेगडीत लाकडं घालायची, तपकिरीच्या डब्या भरून ठेवायची. हा बॅसेट पुढे सिनेटच्याच सेवेत मोठा झाला, पांढऱ्या दाढीचा झाला आणि १८९५ मध्ये वारला तोवर तिथेच होता. चौसष्ट वर्षं! यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा, १८६१ च्या एप्रिलमध्ये, उत्तरेचे सैनिक सिनेटच्या सभागृहातच मुक्कामाला होते. बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष झालेल्या जेफरसन डेव्हिसचं टेबल त्यांनी ओळखलं आणि संगिनींनी फोडायला घेतलं. बॅसेट धावून मध्ये पडला. हे टेबल डेव्हिसचं नाही, सरकारचं आहे, तुम्ही ते राखायला आला आहात, असं त्यानं त्यांना बजावलं. संगिनीनं पडलेली खोक लाकडाचा तुकडा बसवून बुजवली आहे आणि ते टेबल आजही सभागृहात वापरात आहे. सभागृह कोणाच्या मालकीचं आहे, हे ज्याला बाराव्या वर्षापासून कळत आलं, त्यालाच त्या घटकेला ते सांगता आलं, असं मला मनापासून वाटतं.

मुलींना मात्र फार वाट पाहावी लागली. १९६५ मध्ये पहिला कृष्णवर्णीय पेज, लॉरेन्स ब्रॅडफर्ड, सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांच्या शिफारशीनं आला. मुली १९७१ मध्ये आल्या, पहिल्या तिघी. म्हणजे १४२ वर्षांनी. मुलींना वजन उचलता येईल का, रात्री उशिरा बाहेर कशा जातील, असे प्रश्न तिथेही विचारले गेले. ते वाचताना मला आमच्या शाळेतली पहिली कबड्डीची मुलींची टीम आठवली. शब्दसुद्धा तेच होते.

आणखी एक गोष्ट वाचली ती नातीला दोनदा सांगितली. प्रतिनिधिगृह, म्हणजे तिथलं दुसरं सभागृह; तिथेही पूर्वी पेज असत. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, अध्यक्ष रूझवेल्ट युद्धाची मागणी करायला आले, तेव्हा जॉन डिंगेल नावाचा १५ वर्षांचा पेज तिथे होता. एका रेडिओ निवेदकाचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र त्याच्या हवाली होतं. रूझवेल्टांचं भाषण संपल्यावर ते बंद करायचं होतं. त्यानं ते चालू ठेवलं, म्हणून नंतरची चर्चाही आज ऐकायला मिळते. हाच मुलगा पुढे त्या सभागृहाचा सदस्य झाला आणि ५९ वर्षं राहिला. सिनेटमध्येही पेज म्हणून पाणी देऊन गेलेली मुलं सिनेटर होऊन परत आली आहेत. क्रिस्टोफर डॉड त्यांपैकी एक.

सगळंच काही अभिमानानं सांगण्यासारखं नाही, आणि ते लपवून मला हा लेख लिहायचा नाही. १९८३ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या दोन सदस्यांनी १७ वर्षांच्या पेजशी शरीरसंबंध ठेवल्याचं उघड झालं, सभागृहानं दोघांवर जाहीर ठपका ठेवला. २००६ मध्ये एका सदस्यानं माजी पेज मुलांना पाठवलेले घाणेरडे संदेश बाहेर आले, त्याला राजीनामा द्यावा लागला. आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये दोन्ही पक्षांच्या नेत्यांनी मिळून प्रतिनिधिगृहातली पेज योजनाच बंद केली. कारण दिलं ते असं की निरोप आता ईमेलनं जातात, मुलांची गरज उरली नाही, आणि खर्च वर्षाला ५० लाख डॉलरहून जास्त येतो. मला हे कारण पटत नाही. मुलं तिथे निरोप्या म्हणून असतात हे खरं, पण ती तेवढ्यासाठीच असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी वरच्या सज्जात बसून त्या ऐकणाऱ्या मुलीचा चेहरा एकदा पाहायला हवा होता. गुन्हा मोठ्या माणसांनी केला होता. ज्या सभागृहाला आपल्याच छताखालची मुलं जपता आली नाहीत, त्यानं आधी जपायला शिकायला हवं होतं. पावणेदोनशे वर्षांची वाट मुलांसाठी बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हता. सिनेटनं योजना चालू ठेवली याबद्दल मला त्या संस्थेविषयी आदर वाटतो.

२०२३ च्या जुलैमधली एक घटना जेवायला आलेली ती मुलगीही सांगत होती. तुकडीचे शेवटचे दिवस होते, मध्यरात्र उलटलेली. पेज मुलं कॅपिटॉलच्या घुमटाखाली फरशीवर उताणी पडून वरच्या चित्रांचे फोटो घेत होती. निरोपाच्या वेळी असं करायची त्यांची पद्धतच आहे. तिथून जाणाऱ्या प्रतिनिधिगृहाच्या एका सदस्यानं त्यांना शिव्या देऊन उठवलं. सकाळी बातमी फुटली. त्या दिवशी सिनेटमधल्या दोन्ही पक्षांचे नेते, ज्यांचं एरवी एका मुद्द्यावर एकत्र येणं कठीण, सभागृहात उभे राहून त्या मुलांच्या बाजूनं बोलले, त्यांचे आभार मानले. शिव्या देणाऱ्यानं माफी मागायचं नाकारलं. सोळा वर्षांच्या मुलांनी त्यातून दोन्ही प्रकारची माणसं पाहिली. दर तुकडी जाताना सिनेटमध्ये तिचे आभार मानले जातात, मुलांची नावं देशाच्या अधिकृत इतिवृत्तात छापली जातात. मला हे फार मोलाचं वाटलं. माझ्या हातून गेलेल्या किती मुलांची नावं लग्नपत्रिकेशिवाय कुठे छापली गेली असतील?

दर चार वर्षांनी, अध्यक्षाच्या निवडणुकीनंतर, ६ जानेवारीला राज्याराज्यांची मतं लाकडी पेट्यांतून सिनेटकडून प्रतिनिधिगृहात नेली जातात, चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलेल्या जुन्या पेट्या. त्या उचलून रांगेनं घुमटाखालून चालतात ती हीच मुलं. मतदानाचं वयही न झालेल्यांच्या हातात देशाची मतं. त्याचा फोटो मी मुलीकडून कागदावर काढून घेतला आहे.

तो फोटो का घेतला ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी नववीच्या मुलांना घेऊन नागपूरला हिवाळी अधिवेशन दाखवायला गेले होते. पहाटेची गाडी, डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या, विधान भवनाबाहेर लांब रांग. आत प्रेक्षक सज्जात आम्हाला थोडाच वेळ मिळाला. मुलं दबून बसली होती. बाहेर आल्यावर इतरांनी विचारलं, मुख्यमंत्री कोणते, भांडण कशाबद्दल होतं. एका मुलानं, ज्याचे वडील बाजार समितीत हमाल होते, वेगळंच विचारलं. “बाई, ते चिठ्ठ्या नेत होते, पाणी देत होते, ते कोण?”

“शिपाई आहेत रे. सरकारी नोकरीत.”

“ते काम आम्हाला करू देतील का? अधिवेशनापुरतं?”

मी हसून म्हटलं, नाही रे, तशी पद्धत नाही. आणि गाडीकडे निघाले. तो प्रश्न मी तिथेच सोडून दिला याची रुखरुख मला त्या पायऱ्यांवरची मुलं पाहताना लागली आणि ती अजून गेलेली नाही. त्याला भाषण करायचं नव्हतं, आमदार व्हायचं नव्हतं. त्याला फक्त त्या खोलीत उभं राहून ऐकायचं होतं, आणि त्याबदल्यात पाणी द्यायची त्याची तयारी होती.

म्हणून ही विनंती आहे, विधिमंडळातल्या सन्माननीय सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना. १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी एक अधिवेशन नागपूरला येतं. ते काही आठवड्यांचंच असतं. त्या काळात विदर्भातल्या सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतली अकरावीची वीस मुलं-मुली घ्या. निम्म्या मुली घ्या. त्यांची राहायची सोय शिक्षिका आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करा, सकाळचे वर्ग तिथेच भरवा, त्यांना मानधन द्या, आणि निघताना त्यांची नावं सभागृहात वाचून दाखवा. वर्गांना शिक्षक हवे असतील तर मी निवृत्त आहे, इतिहास आणि नागरिकशास्त्र मला अजून शिकवता येतं. सव्वासहाला यायलाही माझी तयारी आहे.